मेश्राम सरांचं पत्रक

परवा आमच्या ऑफिसात सगळ्यांना एक प्रशिक्षण सक्तीनं घ्यायला लावलं. संगणकासमोर बसायचं, चित्रं बघायची आणि शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. विषय होता, सहकाऱ्यांमधले प्रेमसंबंध आणि आपली जबाबदारी. चित्रातला मुलगा आणि मुलगी कॉफीचे कप धरून एकमेकांकडे बघत हसत होते आणि खाली विचारलं होतं, "आता रवीने काय करावे?" चार पर्याय होते. मी तिसरा निवडला, हिरवी खूण उमटली, अभिनंदन झालं. वीस मिनिटांत मी नीतिमान झाले. मला असा काही संताप आला की विचारू नका. कारण हाच प्रश्न सोडवण्यात एका माणसाची दोन वर्षं गेलेली मी जवळून पाहिली होती, आणि त्या माणसाचं उत्तर चुकलं होतं.

मेश्राम सर माझे पहिले साहेब. नगर रस्त्यावर, वाघोलीच्या अलीकडे आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. साठ माणसांची कंपनी बघता बघता चारशेची झाली, तेव्हा मालकांना कुणीतरी सांगितलं की आता कायदेकानून कळणारा एखादा अनुभवी माणूस आणा. म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पर्सोनेल खात्यात हयात घालवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले मेश्राम सर आले. त्यांचे वडील त्याच कारखान्यात भंडाऱ्याहून कामगार म्हणून आलेले, त्यामुळे सर वाढले क्वार्टर्समध्ये, बोलायचे स्वच्छ पुणेरी, आणि चिडले की मात्र भंडारा बाहेर यायचा. मी त्यांच्या हाताखाली एचआरमध्ये नवी नवी लागले होते. वय चोवीस, आडनाव पेंडसे, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिळमात्र शंका नाही.

पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. ज्या ऑफिसात मालकालासुद्धा पोरं नावानं हाक मारायची, तिथे सर काल लागलेल्या पोरालाही "आपण" म्हणत. मला "पेंडसे मॅडम". बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या डब्यातून खीर आणत आणि वाढण्याआधी प्रत्येकाला विचारत, "साखर चालते ना आपल्याला?" चारशे माणसांना चारशे वेळा. मी म्हटलं, "सर, ज्याला चालत नाही तो सांगेल की." म्हणाले, "न विचारता वाढलं की माणसं संकोचानं खातात."

आमच्याकडे बहुतेक सगळे पंचवीसच्या आतबाहेरचे. कुणी साताऱ्याहून, कुणी नांदेडहून, कुणी नागपूरहून आलेले. बारा बारा तास शेजारी शेजारी बसणार, एकाच डब्यात जेवणार. प्रेमं जमत होती, यात नवल ते काय. पण मग एक प्रकार घडला. एका टीम लीडनं अप्रेझलमध्ये आपल्याच मैत्रिणीला सगळ्यात वरचं रेटिंग दिलं. जमलेलं सगळ्यांना माहीत होतं, फक्त कागदाला माहीत नव्हतं. त्याच टीममधला एक खरोखर चांगला मुलगा राजीनामा देऊन गेला आणि जाताना सरांना म्हणाला, "सर, मी कुणाच्या प्रेमात पडायला हवं होतं ते आधी सांगायचं."

सरांना ते फार लागलं. त्यांनी आठवडाभर खपून एक नियम लिहिला आणि त्याच्यासोबत एक पत्रक तयार केलं. एका पानाचं, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. त्यात फक्त तीन प्रश्न होते. दोघांची नावं काय. दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या अप्रेझलवर, रजेवर किंवा निवडीवर सही करतो का. करत असल्यास वरिष्ठ व्यक्ती कोणत्या तारखेपासून बाजूला होणार. बस. प्रेम, लग्न, साखरपुडा असला एकही शब्द त्यात नव्हता. मी विचारलं, "सर, पण कोणत्या प्रकारचं नातं ते नाही विचारायचं?" म्हणाले, "ते आपल्याला कशाला हवं? आपला संबंध सहीशी."

पोरांनी लगेच त्याचं नाव ठेवलं, मेश्रामांचं प्रेमपत्र. एका टवाळानं स्वतःचं आणि कॉफीच्या मशीनचं नाव लिहून पत्रक पाठवलं. मला वाटलं, सर चिडतील. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली आणि रीतसर लेखी उत्तर दिलं. "आपले पत्रक मिळाले. दुसऱ्या पक्षाची सही नाही. सबब पत्रक अपूर्ण असल्याने परत करण्यात येत आहे." तो कागद त्या मुलानं आपल्या टेबलावर चिकटवून ठेवला होता. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "निदान वाचला तरी."

त्यांची एक सवय माझ्या डोक्यात जायची. कुणी केबिनमध्ये येऊन आवाज खाली करून "सर, तो अमुक आणि ती तमुक" असं सुरू केलं, की सर हाताचा पंजा पुढे धरायचे. "आपण त्या दोघांपैकी एक आहात का?" नाही म्हटलं की, "मग सांगू नका." आणि समोरचा खरंच त्या दोघांपैकी निघाला, तर त्याला आधी बसवून पाणी द्यायचे. "सांगण्याआधी विचार करा. सांगितलंत की मला लिहावं लागेल." अर्धे जण पाणी पिऊन उठून जात. मी म्हणायचे, "सर, आपल्याला माहितीये ना सगळं? कॅन्टीनवाल्यालासुद्धा माहितीये." त्यावर ठरलेलं उत्तर. "मला जे सांगितलं नाही, ते मला माहीत नाही." हा सरळपणा म्हणायचा की सोंग, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही पुरतं कळलंय असं नाही.

पण माणूस चहाडखोर नव्हता, हे मान्य करायलाच हवं. एकदा सिक्युरिटीवाल्यानं वहीत नोंद केली, की एक मुलगा आणि एक मुलगी रोज जेवणाच्या सुट्टीत चौथ्या मजल्याच्या जिन्यात बसतात. ती वही थेट मालकांकडे गेली. मालकांनी सरांना बोलावलं आणि दोघांना नोटीस द्यायला सांगितलं. मी तिथेच फायली घेऊन उभी होते.

सर म्हणाले, "हे दोघे एकमेकांच्या अप्रेझलवर सही करतात का?"

"नाही. पण बरं दिसतं का ते?"

"साहेब, दिसण्याबद्दल माझ्याकडे नियम नाही. जिना कंपनीचा आहे, सुट्टी त्यांची आहे. बसू द्या."

मग खाली जाऊन सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "आपण वहीत गाड्या लिहा. माणसं लिहू नका." त्या दिवशी मला सरांचा अभिमान वाटला होता. तो फार दिवस टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

वरिष्ठानंच बाजूला व्हायचं, हा हट्ट त्यांनी कुठून आणला होता, ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. खडकीला त्यांच्या घरी मी एकदा सह्या घ्यायला गेले होते. ताई त्याच कारखान्यात टायपिस्ट होत्या, सरांच्याच सेक्शनला. चहा गाळता गाळता त्या सांगायला लागल्या. "लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, मी जाते दुसऱ्या सेक्शनला, तुमची बढती जवळ आलीय. तर हे म्हणाले, नाही. खालच्याला हलवणं सोपं असतं, म्हणून लोक खालच्याला हलवतात. स्वतः अर्ज देऊन स्टोअरला गेले. बढती सहा वर्षं मागे पडली." सर आतून म्हणाले, "काहून सांगते त्यांना ते सगळं?" ताई म्हणाल्या, "काहून म्हणजे? घडलंय म्हणून." आणि मला आणखी एक बिस्कीट दिलं.

आता प्राजक्ता. ही साताऱ्याची मुलगी, सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात होती आणि इतकी चोख, की तिनं बरोबरची खूण केलेला प्रोग्राम क्लायंटकडून कधी परत आला नाही. निखिल तिचा प्रोजेक्ट मॅनेजर. दोघांचं जमलं होतं. वर्षभरात लग्न करायचं ठरत होतं, पण घरी अजून कुणी बोललं नव्हतं. त्याच सुमारास प्रोजेक्टमधून एका टेस्टरला सहा महिने अमेरिकेला पाठवायचं ठरलं. पाच नावं होती. प्राजक्ताचं नाव पहिलं होतं आणि ते लिहिलं होतं निखिलनं.

तेव्हा ऑनसाइट जाणं म्हणजे काय, हे आज सांगून पटणार नाही. प्राजक्ताच्या घरातून पुण्याच्या पलीकडे कुणी गेलं नव्हतं. तिला हे आपल्या कामावर मिळवायचं होतं, आणि मिळालं असतं. पण ती मला कॅन्टीनमध्ये भेटली आणि म्हणाली, "पत्रक भरू का गं? उद्या कुणी म्हणायला नको की मैत्रीण होती म्हणून गेली."

मी म्हटलं, "भर. सर अगदी सरळ माणूस आहे."

हे मी सांगितलं. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या माहितीत तेव्हा आणखी तीन जोड्या होत्या, ज्यांनी पत्रक भरलं नव्हतं आणि जन्मात भरणार नव्हत्या. त्यांच्यातलं एक जोडपं पुढे एकाच विमानानं गेलं.

प्राजक्ता आणि निखिल दोघं आले. सरांनी पाणी दिलं, विचार करा म्हणाले. त्यांनी विचार केला होता. सही झाली. मग सरांनी नियमाप्रमाणे केलं ते खरोखर चांगलं केलं. पाचही जणांच्या कामाचे कागद नावं झाकून दुसऱ्या प्रोजेक्टच्या दोन मॅनेजरांना तपासायला दिले. दोघांनीही वेगवेगळं तपासून प्राजक्ताला पहिलं ठेवलं. सर लाल पेनानं तिच्या नावाखाली रेघ मारत म्हणाले, "बघा पेंडसे मॅडम, आता कुणाची बोलायची हिंमत नाही." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उरलं होतं एवढंच, की निखिलनं त्या प्रोजेक्टवरून बाजूला व्हायचं.

मालक म्हणाले, निखिलला हलवता येणार नाही, क्लायंटला तोच हवाय. सर म्हणाले, नियम आहे. मालक म्हणाले, नियमाचा उद्देश काय? पक्षपाताचा संशय येऊ नये. बरोबर? मग मुलीचं नाव काढा. संशयच नको. आणि त्यांनी सरांचाच कागद पुढे ओढून त्यातलं उद्देशाचं वाक्य बोटानं दाखवलं. प्राजक्ताला प्रोजेक्टवरून काढून बेंचवर बसवायचं, म्हणजे काम नसलेल्यांच्या यादीत टाकायचं ठरलं. दुसऱ्या नंबरच्या मुलाचे व्हिसाचे कागद त्याच दुपारी गेले.

सरांनी निखिलला बोलावलं. मला बसवून घेतलं, का ते माहीत नाही.

"नियमाप्रमाणे आपण बाजूला व्हायचं होतं. आपण स्वतः लिहून दिलंत, तर साहेबांना ऐकावं लागेल. व्हिसाचे कागद अजून दोन दिवस परत मागवता येतील."

निखिल टेबलाकडे बघत होता. "सर, मी आत्ता हललो तर प्रोजेक्ट कोसळेल. आणि माझी पण दोन वर्षं गेलीत त्यात. प्राजक्ता समजून घेईल."

"समजून घेणं फक्त खालच्यांनीच करायचं असतं का?"

खरं तर निखिल वाईट मुलगा नव्हता. हेच तर चीड आणणारं आहे. वाईट असता तर मला दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यानं लिहून दिलं नाही.

प्राजक्तानं पंधरा दिवस बेंचवर काढले. मग राजीनामा दिला, कारण लिहिलं 'वैयक्तिक'. निखिलशी बोलणंही संपलं होतं. जाताना मला भेटली नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं भेटणार होते? ती गेल्यावर कॅन्टीनमध्ये बातमी झाली, की मॅनेजरशी लफडं होतं म्हणून काढली. लफडं असणारे इतर सगळे तिथेच बसून इडली खात ही बातमी एकमेकांना सांगत होते.

मी तरातरा सरांच्या केबिनमध्ये गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. "सर, तुमच्या पत्रकानं काय केलं ते बघा. जी खरं बोलली तीच घरी गेली. खोटं बोलणारे सगळे जागेवर आहेत. हा कसला नियम?"

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "नियम बरोबर होता."

"मग?"

"तो पाळायला लावण्याची ताकद माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो. ती नव्हती. ताकद नसताना माणसांना खरं बोलायला लावलं. ही माझी चूक."

हेच त्यांनी लेखीही दिलं. मालकांना पत्र लिहिलं, की अमुक कर्मचाऱ्याचं नुकसान माझ्या नियमामुळे झालं असून त्याची जबाबदारी माझी आहे. मालकांनी ते वाचून "मेश्राम, तुम्ही फार मनाला लावून घेता" म्हणत परत दिलं. सरांनी त्यावर जावक क्रमांक टाकून फायलीला लावलं.

आणि दुसऱ्या दिवशी नऊला पाच कमी असताना नेहमीसारखे ऑफिसला हजर. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मी म्हटलं, "राजीनामा द्यायला हवा होता तुम्ही." म्हणाले, "मी गेलो तर पुढचं पत्रक कोण वाचेल?" पुढचं पत्रक आलंच नाही. त्यानंतर एकानंही भरलं नाही. दोन महिने मी त्यांना रोज पत्रकांच्या रिकाम्या ट्रेकडे बघताना पाहिलं. माझ्याच्यानं पुढे बघवेना आणि मला दुसरी नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी त्यांनी माझं अनुभव-प्रमाणपत्र स्वतः टाइप करून दिलं. त्यात एकही खोटी स्तुती नव्हती.

त्यानंतर महिनाभरानं ते मला शेवटचे दिसले. शनिवार होता, सकाळचे दहा-साडेदहा. कोल्हापूरहून येणाऱ्या आईला उतरवून घ्यायला मी स्वारगेटला गेले होते. साताऱ्याच्या गाडीच्या रांगेत पांढरा शर्ट दिसला. हातात बाकरवडीचा पुडा होता.

"सर, तुम्ही इथे कुठे?"

"साताऱ्याला निघालोय. त्या मुलीच्या आईवडिलांना भेटून येतो. कुणी काहीबाही ऐकवलं असेल त्यांना. त्यांना सांगतो की मुलीची चूक नव्हती, उलट ती पहिली आली होती. कागद आणलेत बरोबर."

"प्राजक्ताला माहितीये तुम्ही येताय ते?"

"पत्ता फायलीत होता."

"सर, तिला विचारलंत का?"

मी पर्समधून मोबाइल काढला, तिचा नंबर लावला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "मेश्राम बोलतोय, खडकीचे... हां, कंपनीतले." मग बराच वेळ त्यांनी नुसतं ऐकलं. मधे मधे "बरं" म्हणाले. शेवटी "नाही, नाही येत" म्हणाले आणि फोन मला परत दिला.

"काय म्हणाली?"

"घरी सांगितलंय, पुण्याची हवा मानवली नाही म्हणून परत आले. निखिलचं नावसुद्धा घरात कुणाला माहीत नाही. तिथेच नोकरी बघतेय, स्थळंही बघताहेत. म्हणाली, सर, तुम्ही आलात तर मला सगळंच सांगावं लागेल."

कंडक्टर "सातारा, सातारा" ओरडत होता. सर रांगेतून बाहेर आले आणि मागच्या बाईंना म्हणाले, "आपण व्हा पुढे." बाकरवडीचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"मॅडम, माफी मागायची राहिली. तिचं ऐकण्यातच वेळ गेला. परत लावता का?"

मी लावला. तेवढ्यात कोल्हापूरची गाडी आत शिरली, म्हणून फोन त्यांच्याकडेच ठेवून मी आईकडे धावले. आईला उतरवलं, तिच्या दोन पिशव्या घेतल्या, तिचं प्रवासाचं गाऱ्हाणं ऐकत परत आले. साताऱ्याची गाडी गेली होती. सर फोन कानाला लावून त्याच जागी उभे होते.

"उचलत नाही," ते म्हणाले. "अजून एकदा लावता?"

मी लावून दिला.